सौदा : बाजारातल्या एका शब्दाची ओळख

‘सौदा झाला का?’ हा प्रश्न बीड जिल्ह्यात बैलाबद्दल विचारतात, कापसाबद्दल, तुरीबद्दल, बांधावरच्या बाभळीबद्दल आणि रस्त्याकडेच्या चार गुंठ्यांबद्दलही विचारतात. विचारणाऱ्याला माल कुठे आहे, पैसे पोचले का, कागद झाला का, यात तेव्हा रस नसतो. दोघांचे जमले का, एवढेच त्याला हवे असते. बाजाराचा क्रम ठरलेला आहे. आधी भाव निघतो, मग घासाघीस होते, मग सौदा जमतो, मग इसार हातावर पडतो आणि शेवटी माल उचलला जातो. या क्रमात सौदा अगदी मधे बसतो. त्याच्या आधी नुसते बोलणे असते आणि त्याच्यानंतर मागे फिरणे लाजेचे होते.

कपिलधार, मांजरसुंबा, नेकनूर या पट्ट्यातल्या देवघेवीचे शब्द पुढच्या पानांत एकत्र केले आहेत. त्यांतला सौदा हा पहिला, आणि माझ्या मते सगळ्यांना कवेत घेणारा. म्हणून या प्रस्तावनेत बाकीच्यांकडे थोडे दुर्लक्ष करून मी त्याच्यापाशीच थांबणार आहे. तो कुठे वापरतात हे सांगायचे आहेच, पण तो कुठे वापरत नाहीत हे त्याहून महत्त्वाचे वाटते.

शब्द फारसीतून आला. त्याच्या सोबतीचे बाजार, दलाल, रुमाल, इसार हेही फारसी-अरबीच्याच वाटेने मराठीत आले. शिवराज्याभिषेकाच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला तेव्हा दरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचे मोठे काम त्यात झाले. त्याच्या दहा वर्गांतला शेवटचा ‘पण्यवर्ग’, म्हणजे विक्रीच्या वस्तूंचा. कारभाराची भाषा अशी बदलता येते, पेठेची येत नाही. पेठेत शब्द दोन अनोळखी माणसांना एकाच वेळी कळावा लागतो, आणि ज्याच्यावर पैसे अडकलेले असतात तो शब्द कुणी सहजी सोडत नाही. सौदा राहिला. बीड तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, कचेरीची भाषा उर्दू होती. त्यामुळे इथे हा शब्द मराठवाड्याबाहेरच्यापेक्षा जास्त रुळला आणि जास्त अर्थांनी रुळला. इथल्या दखनी बोलणाऱ्या घरांत ‘सौदा’ म्हणजे दुकानातून आणायचा किराणा. पिशवी घेऊन निघालेले पोर सौदा आणायला जाते. उर्दूत याच उच्चाराच्या शब्दाला वेडाचा, झपाटलेपणाचाही अर्थ आहे. तो अरबीतल्या काळ्या रंगाच्या शब्दावरून आला, आणि अठराव्या शतकातल्या एका थोर उर्दू कवीने तो तखल्लुस म्हणून घेतला. मराठीने तो अर्थ घेतला नाही. मराठीला सौद्यात शुद्ध हवी होती.

शब्दाचा स्वभाव त्याच्या क्रियापदांवरून ओळखावा. सौदा जमतो, पटतो, ठरतो, बसतो. फिसकटतो, तुटतो, मोडतो, फिरतो. यातले एकही काम एकट्याने होणारे नाही. खरेदी एकटा करतो, विक्री एकटा करतो, पण सौदा जमायला समोर कुणी तरी लागते, आणि त्या समोरच्याला ‘नाही जमत’ म्हणून उठून जाता आले पाहिजे. सौद्याला सौदा करते ती हीच मुभा. जिथे एकाला उठून जाता येत नाही तिथे मराठी माणूस हा शब्द वापरताना अडखळतो, किंवा त्याला शिवी करून वापरतो: इज्जतीचा सौदा, मताचा सौदा, सौदेबाजी. जे विकायचे नव्हते ते विकले, किंवा ज्याला विचारायला हवे होते त्याला विचारलेच नाही, असा त्या शिवीचा अर्थ.

कपिलधारपासून सुरुवात का, ते सांगायला हवे. बालाघाटच्या डोंगरात, मांजरसुंब्याजवळ, पावसाळ्यात धबधबा कोसळतो त्या दरीत मन्मथस्वामींची समाधी आहे. सोळाव्या शतकातले हे वीरशैव संत; त्यांचा ‘परमरहस्य’ हा ओवीबद्ध ग्रंथ मराठवाड्यातल्या लिंगायत घरांत आजही वाचला जातो. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून दिंड्या येतात. अहमदपूरचे शिवलिंग शिवाचार्य महाराज २०२० मध्ये लिंगैक्य झाले. त्यांनी वर्षानुवर्षे चालवलेल्या पदयात्रेने या वाटेला मोठी गर्दी मिळवून दिली. आता या दिंड्यांत चालणारी माणसे पाहा: त्यांतली पुष्कळशी पेठेतली. मराठवाड्याच्या गावोगावी किराणा आणि भुसाराच्या दुकानांत लिंगायत वाणी पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांनी ‘कायक’ सांगितले. काम हीच पूजा, पण कमाई निर्मळ असेल तरच. त्याला जोडून ‘दासोह’, म्हणजे गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाला देणे. तराजू हातात असलेल्या समाजाला हे सांगणे सोपे नव्हते आणि ऐकणे त्याहून नव्हते. म्हणून वर्षातून एकदा दुकानाला कुलूप लावून पायी निघणारा वाणी मला महत्त्वाचा वाटतो. सौदा चोख असावा ही अपेक्षा या भागात कायद्याच्या कितीतरी आधी धर्मातून आलेली आहे.

यात्रेच्या तोंडावरच इथे एक छोटा सौदा रस्त्याकडेला चालतो. बालाघाटच्या माळरानातली सीताफळे पावसाळा सरता सरता निघू लागतात आणि दिवाळीपर्यंत पुरतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घाटात बायका टोपल्या घेऊन बसतात. गाडी थांबते, काच खाली होते, भाव विचारला जातो. सीताफळाचे डोळे उघडले की ते तोडायचे, आणि तोडले की दोन-चार दिवसांत ते मऊ पडून हाताबाहेर जाते. ही गोष्ट टोपलीवालीला माहीत असते आणि गाडीवाल्यालाही. दुपारी ती टोपलीचा एक भाव सांगते, दिवस कलल्यावर दुसरा. फळ तेच, टोपली तीच. बदलते ती तिची ‘नाही’ म्हणण्याची ताकद. नाशवंत मालाचा सगळा बाजार या एका टोपलीत दिसतो. शीतगृह म्हणजे काय, तर ‘नाही’ म्हणायला मिळालेले आणखी काही दिवस.

याच्या अगदी उलट टोकाला जनावरांचा बाजार. नेकनूरचा बाजार या भागात सर्वांना ठाऊक आहे. इथे घाई कुणालाच नसते, निदान दाखवायची नसते. घेणारा आधी बैलाच्या भोवती फिरतो. जबडा उघडून दात पाहतो: आदत, दुसा, चौसा की जुळलेला. पाठीवरून हात फिरवतो, खूर पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. मग प्रश्न सुरू होतात. मारका आहे का? बसका आहे का? बसका म्हणजे ऐन कामात जू टाकून खाली बसणारा. हा दोष नजरेला दिसत नाही, त्यामुळे विकणाऱ्याच्या जबानीवरच विश्वास ठेवावा लागतो. लाल कंधारी असो, देवणी असो वा खिल्लार, जात डोळ्यांना कळते, खोड कळत नाही. म्हणून इथल्या सौद्यात पैशाइतकीच किंमत तोंडच्या शब्दाला आहे.

भावाची वेळ आली की दलाल मधे येतो. तो विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वर टॉवेल किंवा उपरणे टाकतो आणि त्या आडोशाला बोटांनी बोलतो. किती बोटे धरली, कशी दाबली, यावर आकडा ठरतो. भोवती वीस माणसे उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. मग तो तसाच घेणाऱ्याकडे जातो. दोन्हीकडे फेऱ्या होतात. मधेच एक जण हात झटकून चालू लागतो. चार पावलांवर त्याला दलाल धरून परत आणतो. हे हात झटकणे नाटकी वाटले तरी पोकळ नाही, कारण तो खरोखरच जाऊ शकतो. बैल दावणीला परत नेता येतो, पुढच्या बाजाराला पुन्हा आणता येतो. एकदा जमले की बैलाच्या पाठीवर गुलाल पडतो आणि सौदा उघड होतो. रक्कम मात्र अजून रुमालाखालीच असते.

या झाकलेल्या हाताचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत. गुप्ततेमुळे शेजाऱ्याला आपली अडचण कळत नाही. लेकीच्या लग्नापायी जोडी फुंकून टाकावी लागली हे चारचौघांत उघडे पडत नाही. पण त्याच गुप्ततेमुळे विकणाऱ्याला शेजारच्या बैलाला काय मिळाले हेही कळत नाही. कळते ते फक्त दलालाला. बैलाच्या बाजारात हे चालून जाते, कारण प्रत्येक बैल वेगळा आणि डोळसपणे पाहिलेला असतो. धान्याच्या आणि कापसाच्या बाजारात हीच पद्धत आली तेव्हा शेतकरी नागवला गेला. १९२६ मध्ये नेमलेल्या आणि १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, ती बाजारातली असली आंधळी देवघेव आणि मनमानी कपाती पाहूनच.

नियंत्रित बाजाराची सुरुवात मात्र त्याही आधी, मराठी मुलखातच झाली. वऱ्हाडातल्या कारंजाचा कापूस बाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियमाखाली आला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. निजामाच्या राज्यात १९३० मध्ये असा कायदा आला. महाराष्ट्राचा आजचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. या सगळ्या कायद्यांचा गाभा एकच: हात रुमालाबाहेर काढा, बोली मोठ्याने बोला, वजन समोर करा, पट्टी लिहून द्या. सौदा सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे. सांगलीला हळदीचे सौदे आणि कोल्हापूरला गुळाचे सौदे निघतात तेव्हा हा शब्द लिलावालाच लावतात, आणि नव्या हंगामातल्या पहिल्या बोलीला मुहूर्ताचा सौदा म्हणतात. दोघांच्या कानगोष्टीचा शब्द इथे चौकातला झाला.

मराठवाड्यात या चौकाला मोंढा म्हणतात. कायदा असूनही मोंढ्यात शेतकऱ्याची बाजू पुरती बरोबरीची होत नाही. बैल चालत परत जातो. सोयाबीनची चाळीस पोती परत न्यायची तर टेम्पोचे भाडे दुसऱ्यांदा द्यावे लागते. आडत्याकडून पेरणीला घेतलेली रक्कम वहीत असते. माल ओला म्हणून, माती म्हणून कडता लागतो. हमीभाव वर्तमानपत्रात असतो, पण विकत घेणारे केंद्र उघडलेले नसते. अशा वेळी आडत्या बोली ऐकवतो, शेतकरी मान हलवतो आणि सौदा झाला असे लिहिले जाते. मान हलवली हे खरे. ती त्याने हलवली की पोत्यांनी हलवली, याचा विचार बाजार समितीच्या निवडणुकीत मते मागणाऱ्या प्रत्येकाने करावा. यावर उपाय गुळगुळीत भाषणांत नाही. गोदाम, त्यावर मिळणारे तारण कर्ज आणि वेळेवर उघडणारे खरेदी केंद्र, या तीन गोष्टी शेतकऱ्याला पोती परत नेण्याची मुभा देतात. बाकी सगळे बोलणे.

जमिनीच्या सौद्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे शब्दाने लोकांना फार फसवले आहे. इसार दिला, विसार पावती झाली, गावात पेढे वाटले, म्हणजे जमीन आपली झाली असे कित्येकांना वाटते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ स्पष्ट सांगते की विक्रीचा करार केल्याने मिळकतीत कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही, आणि शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणी केलेला दस्तच लागतो. बाजारातला सौदा शब्दावर पुरा होतो, जमिनीचा होत नाही. साठेखत आणि खरेदीखत यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात मराठवाड्यातल्या कित्येक कुटुंबांची वर्षे कोर्टात गेली आहेत.

आता ज्या शब्दासाठी ही प्रस्तावना एवढी लांबवली तो.

दसऱ्यापासून या भागातून माणसे निघू लागतात. कपिलधारच्या दिंड्या ज्या दिवसांत मांजरसुंब्याच्या चौकातून डोंगराकडे वळतात, त्याच दिवसांत त्याच चौकातून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून ऊसतोड कामगार सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आणि कर्नाटकाकडे जातात. भांडी, सरपण, कोंबड्या, शेळी, म्हातारी, लेकरे, सगळे एका ट्रॉलीत. जाण्याआधी प्रत्येक जोडीचा मुकादमाशी हिशेब झालेला असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. माणसे अवजाराने मोजली जातात. या कोयत्याला हंगामाआधी जी रक्कम मिळते तिला उचल म्हणतात. आता तिची भाषा लाखाच्या पुढची झाली आहे. तिच्यातून आधीचे कर्ज फिटते, दवाखाना भागतो, लग्न उरकते, छपरावर पत्रे पडतात. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, आणि फिटली नाही, तर बाकी पुढच्या साली जाते.

देवघेवीचा हा या जिल्ह्यातला बहुधा सगळ्यात मोठा व्यवहार. तरी ‘मुकादमाशी सौदा झाला’ असे ऊसतोड कामगार म्हणत नाहीत. ‘उचल घेतली’ म्हणतात. भाषेची जाण मी इथे पाहतो. सौद्यात किंमत आणि वस्तू एकमेकींसमोर उभ्या असतात. उचलीत किंमत आधी खर्च झालेली असते, वस्तू अजून अंगात असते, आणि ती वस्तू म्हणजे दोन माणसांचे पाच-सहा महिने. फडात पोचल्यावर ‘नाही जमत’ म्हणायला तोंड उरत नाही. किती ऊस तुटला हे कारखान्याच्या काट्यावर ठरते, आणि तोडणारी बाई त्या काट्यापाशी नसते. ती पुढच्या फडात मोळी बांधत असते. आजारी पडून काम चुकले तर खाडा. खाडा म्हणजे फक्त मजुरी बुडणे नव्हे, वर दंड. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे कारणे अनेक होती. दवाखान्यांची नफेखोरी, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे, पाण्याविना नि आडोशाविना राहणे. पण खाड्याची भीती त्यांतलेच एक कारण होते, आणि एका दिवसाच्या गैरहजेरीची किंमत अवयवाशी तोलली जावी हे ज्या देवघेवीत घडते तिला मी सौदा म्हणणार नाही.

कायद्याला हे दिसलेले आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेपायी दुसरीकडे काम धरण्याचे किंवा हवे तिथे जाण्याचे स्वातंत्र्य गमावणे हे वेठबिगारीच्या व्याख्येत आणले. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हीसुद्धा सक्तीच असल्याचे ठरवले. कागदावर उचल आणि वेठ यांच्यातली रेघ बारीक आहे. फडात तर ती कित्येकदा दिसतच नाही.

तरीही सौदा या लोकांना अगदी अनोळखी नाही. टनाचा दर ठरवायला संघटना संपावर जातात, कोयता बंद ठेवतात, साखर संघाशी बसतात. पूर्वी त्यासाठी लवाद असे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात मजुरीत ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती कोयते थांबवण्याची तयारी दाखवल्यावरच. हा सौदा होता, आणि चोख होता, कारण कामगारांना एकत्र येऊन ‘नाही’ म्हणता आले. एकटा कोयता उचलीच्या वेळी जे म्हणू शकत नाही ते हजारो कोयते मिळून दराच्या वेळी म्हणू शकतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे. त्याने नोंदणी, ओळखपत्रे आणि वसतिगृहे यांसोबत हंगामाआधीचे बिनव्याजी वा कमी व्याजाचे कर्ज आपल्या हाती घेतले, तर उचलीचा कणाच मोडेल. मुकादम हा बहुतेकदा त्याच वस्तीतला, त्याच नात्यातला असतो; कारखान्याची रक्कम त्याच्या नावावर असते आणि जोडी पळाली की तोही बुडतो. त्याला खलनायक करून काही साधणार नाही. कारखाना आणि कोयता यांच्यात थेट लिहिलेला करार, कामगाराच्या खात्यावर जमा होणारी मजुरी आणि त्याच्या डोळ्यांसमोर होणारे वजन, एवढ्या तीन गोष्टी मोंढ्यात शेतकऱ्यासाठी कायद्याने मान्य केल्याला शतक होत आले. फडात त्या अजून मागाव्या लागतात.

या संग्रहाच्या मांडणीत म्हणूनच एक बदल केला आहे. शब्द वर्णानुक्रमे लावले असते तर उचल सुरुवातीला आणि सौदा शेवटाकडे गेला असता. इथे ते कामानुसार लावले आहेत: आधी जनावरांच्या बाजाराचे, मग मोंढ्याचे, मग जमिनीचे, मग फडाचे. सौदा चारही गटांच्या आरंभी घेतला आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा त्या गटातला अर्थ वेगळा दिला आहे. फडाच्या गटात त्याच्यापुढे दराच्या वाटाघाटीचा तेवढा अर्थ नोंदवला आहे. उचल, खाडा, कोयता, बाकी, पट्टा हे शब्द त्याच्या खाली, स्वतंत्र नोंदींत आहेत. ते ज्यांच्या तोंडचे आहेत त्यांच्याच उच्चारात छापले आहेत.